तळटीप क्रमांक सतरा

सौंसर, ९ डिसेंबर १९८६

तीर्थस्वरूप मुकुंददादांस,

विनायकचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? थंडी वाढली आहे, तेल गरम करूनच लावत जा. आम्ही इथे खुशाल. तुमची बहीण गेला महिनाभर तुमच्यावर रुसलेली होती, ती कालपासून निवळली आहे. का रुसली आणि का निवळली, ते सांगायलाच हे पत्र.

तुम्ही जाणताच, इथल्या कॉलेजात बावीस वर्षं इतिहास शिकवून मी संशोधन म्हणून एकच लेख छापला. जुन्या मध्यप्रांत सरकारने खेड्यांतल्या सुइणींना शिकवायला जे वर्ग काढले, त्यांच्यावर. (छाया म्हणते, तेवढ्या काळात तिने दोन मुलं पदवीधर केली.) मोहगावचा वर्ग १९३६ साली निघाला, असं मी त्यात ‘एका स्थानिक सुइणी’च्या सांगण्यावरून लिहिलं होतं. यंदा बढतीचा अर्ज आला, त्यात एक नवाच रकाना : आपल्या संशोधनाची इतर अभ्यासकांनी किती वेळा दखल घेतली? रकाना रिकामा तर बढती नाही, आणि निवृत्तीला तीनच वर्षं उरलेली, म्हणजे मग कधीच नाही.

म्हणून तर मागे मी तुमच्याकडे नागपूरला तीन दिवस राहिलो. प्रकृती दाखवायला आलोय असं तुम्हाला सांगितलं, पण खरं म्हणजे ग्रंथालयात धूळ खात आणि शिंकत माझं नाव शोधत होतो. तिसऱ्या दिवशी ते सापडलं, तुमच्याच लेखात, तळटीप क्रमांक सतरा : ‘हे विधान निराधार असून केवळ ऐकीव माहितीवर बेतलेले दिसते. वर्ग १९४१चा आहे.’ सख्ख्या मेहुण्याने हे लिहावं? (त्याच दुपारी तुम्ही मला आग्रह करून तिसरी पुरणपोळी वाढली होती. आता त्या आग्रहाचं कारण कळतं.) घरी येऊन छायाला सांगितलं, तर तिने तुमची दरवर्षीची संत्र्यांची पेटी थांबवली आणि पुरावा आणायला मला मोहगावला पिटाळलं.

ती सुईण म्हणजे कलाबाई. वय सत्तरीच्या पुढे, नजर अजून धारदार. तिने आधी माझा लेख शेजारणीकडून अथपासून इतिपर्यंत वाचून घेतला. मग मी विचारलं, छत्तीस साल ना? हो म्हणाली. की एकेचाळीस? त्यालाही हो म्हणाली, आणि तांदूळ निवडायला बसली. मी तोंड पाडून बसमध्ये बसलो.

शेवटी अर्ज घेऊन ऑफिसात गेलो आणि तिथल्या उत्तमबाबूंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “सर, बरं लिवलं का वाईट, हे ते कुठी विचारून राहिले? आकडा टाका ना.” मी ‘एक’ असा आकडा टाकला आणि तुमचं पान जोडलं. काल समिती बसली. विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी पान उलटलं, ‘दखल घेतलेली आहे’ म्हणाले आणि शिफारस करून टाकली. दादा, कॉलेजच्या पायरीवर बसून मी चार संत्री खाल्ली, इतकं हलकं वाटलं. बावीस वर्षांत माझा लेख कुणी चूक सापडेपर्यंत वाचला, तर तो तुम्हीच. मनापासून आभार.

आपला,
विनायक

ता. क. संत्र्यांची पेटी आज सकाळच्या बसने रवाना केली आहे. वरचा थर आधी संपवा.

आणखी ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. परवा रविवारी छाया मला न सांगता मोहगावला जाऊन आली. (मला काल समिती आटोपल्यावर सांगितलं.) तिने साल विचारलंच नाही. चहा घेतला आणि वर्ग संपल्यावर काय मिळालं होतं, एवढंच विचारलं. कलाबाईने फडताळातून कात्री ठेवायची पितळी डबी काढली. झाकणावर तिचं नाव आणि १९३६ कोरलेलं आहे. तेव्हा चूक तुमची आहे. विनंती एवढीच, की ती मार्चपर्यंत कायम ठेवा. विद्यापीठाचं शिक्कामोर्तब तोवर व्हायचं आहे, आणि तळटीप सतरा पडली तर माझा रकानाही पडतो. त्यानंतर दुरुस्ती जरूर छापा, तीत माझं नाव येईल, म्हणजे दुसरी दखल. पण माझ्या नावाआधी ‘कलाबाई गुलाब गजभिये, मोहगाव’ असं पूर्ण छापा. निघताना छायाने तिला विचारलं होतं, की मास्तरांना दोन्ही सालांना हो का म्हणालात. ती म्हणाली, “मास्तरच्या कागदात माह्यं नावच नाही, मंग म्या साल तरी काहून पक्कं सांगू?”