कुलपाचा आकडा २९०३

टॅम्सिन,

मी तळ्यावर गेले आहे, शोधत बसू नकोस. ओव्हनमध्ये पेस्टी आहे, ती खा. बाबांची दुर्बीण मी नेली आहे.

काल तू झोपल्यावर पक्षीनिरीक्षण क्लबचे पेंगेलीकाका आले आणि बाबांचा तळ्याचा पास माझ्या नावावर करून गेले. नव्या माणसाला वर्ष-वर्ष ताटकळत ठेवतात गं तिथे! पण ते म्हणाले, "एनिड, यंदाची पहिली भिंगरी तुम्ही दोघांनी पाहिलीत. तुला कोण अडवणार?"

हिवाळ्यानंतर पहिली भिंगरी उडत परत आली ती तारीख वर्षभर तळ्याच्या फाटकाच्या कुलपाचा आकडा असते, आणि ती पाहिलेली दोन माणसं लागतात, हे बाबांनी तुला शंभरदा ऐकवलंय. यंदाचा आकडा २९०३, म्हणजे एकोणतीस मार्च.

मी ती पाहिलीच नव्हती. बाबा खाटेवरून ओरडले, "एनिड, बघ, आली!" मी खिडकीकडे पाठ करून त्यांच्या गोळ्या काढत होते. न वळताच म्हटलं, "हो हो, दिसली." त्यावर दिवसभर खुशीत होते. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याबरोबर पाहिलीस," असं प्रत्येकाला फोन करून सांगत होते. चार दिवसांनी गेले.

आज त्याच आकड्याने कुलूप उघडेन. पेंगेलीकाकांना खरं काय ते मीच सांगेन, तू बोलू नकोस. पण आधी एक तरी भिंगरी डोळे भरून बघते.

नुसती मान वळवायची होती गं.

आई