ड्वेन टॅकेटची कॅसेट आणि माझी बाकी मालमत्ता

मी, नॅडीन ओपल क्रॅबट्री, वय सत्तावन्न, राहणार टॅल्मन फोर्ड, ओहायो, व्यवसाय चष्म्याच्या दवाखान्यात नावे नोंदवणे आणि दर शनिवारी दुपारी चार ते सहा ब्रेथवेट कॉलेजच्या रेडिओवर गावातल्या बँडना माइकसमोर बसवणे, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि पाठीमागे उभे राहून मला कोणी मजकूर सांगत नाही. येत्या मंगळवारी माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं कारण नाही." हे म्हणताना ते माझ्याकडे न बघता संगणकाच्या पडद्याकडे बघत होते, म्हणून हा कागद.

१. राहते घर माझी बहीण जोएलन हिला. तळघरात पाणी शिरते. हे तिला जिवंतपणी सांगायचे टाळले, कारण ती लगेच उपाय सुचवते.

२. स्टुडिओत वाजवून गेलेल्या बँडच्या ४१२ कॅसेटी गावच्या वाचनालयाला. कॉलेजला नाही. डीनसाहेबांना स्टुडिओच्या जागी विद्यार्थ्यांसाठी निवांत बसायची खोली करायची आहे. मी विचारले, "आणि बँड?" ते म्हणाले, "बँड काय, इंटरनेटवर असतातच की, मॅडम." या ४१२ पैकी साडेतीनशे तरी इंटरनेटवर नाहीत. ते गॅरेजात होते, मग त्यांची लग्ने झाली. वाचनालयाला अट एकच: वाईट म्हणून एकही कॅसेट फेकू नये. वाईट आहेत हे मला माहीत आहे; मी समोर बसले होते.

३. माझे पूर्वीचे पती लेनर्ड यांच्या बँडच्या तीन कॅसेटी लेनर्ड यांनाच परत. १९९४ साली मी रेडिओवर त्यांच्याबद्दल एवढेच म्हणाले होते की बँड वेळेवर आला. घटस्फोटाच्या अर्जात त्याचा उल्लेख झाला. ते मत मी आजही बदललेले नाही.

४. हेडफोन त्या माणसाला, जो माझ्यामागे शनिवारी चार वाजता त्या खुर्चीत बसेल. त्याने बँडच्या नावाचा उच्चार आधी विचारून घ्यावा, महिन्यातून निदान एका मैफलीला पुढच्या रांगेत उभे राहावे आणि "अप्रतिम" हा शब्द वर्षातून एकदाच वापरावा.

५. स्वयंपाकघरातला रेडिओ गावच्या साप्ताहिकाच्या संगीत-समीक्षकांना. मैफलीला न जाता माझा कार्यक्रम ऐकून त्यांनी अठरा वर्षे परीक्षणे लिहिली. इतक्या मेहनतीला यंत्र तरी बरे असावे.

६. पिठाच्या डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक कॅसेट आहे. तिच्यावर १७ ऑक्टोबर १९९८ ही तारीख आहे. ती मार्व्हा टॅकेट हिला माझ्या मृत्यूनंतर द्यावी.

कारण लिहिते. मार्व्हाचा धाकटा भाऊ ड्वेन टायरच्या दुकानात कामाला होता आणि या गावात त्याच्यासारखे गाणारे दुसरे कोणी झाले नाही. तो रेकॉर्डिंग करू देत नसे. म्हणायचा, "एकदा टेपवर गेलं की गाणं दुरुस्त करता येत नाही." बहिणीच्या हट्टापायी त्या एका शनिवारी तो स्टुडिओत आला. शेवटचे गाणे पाचला चार मिनिटे असताना सुरू झाले.

रेडिओचा नियम असा की दर तासाच्या ठोक्याला केंद्राच्या ओळखीची चार अक्षरे आणि गावाचे नाव बोलायचे. मी नव्या नवरीसारखी नियमाला भिऊन होते. ड्वेन शेवटच्या कडव्यात शिरला आणि घड्याळात पाच वाजले. मी माइक उघडला, अक्षरे बोलले, गाव बोलले आणि तोंड उघडलेच आहे तर अग्निशमन दलाच्या मदतीसाठी असलेल्या पॅनकेकच्या नाश्त्याची सूचनाही वाचली. एकोणीस सेकंद. नियमात पुढे "सोयीचा विराम मिळेल तेव्हा" असे लिहिले आहे, ते मी दोन वर्षांनी वाचले. ड्वेन नुसता हसला होता. २००१ च्या वसंतात तो दुकानातच हृदय बंद पडून गेला. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही.

मार्व्हा शाळेची बस चालवते. ती दर वर्षी विचारत आली.

"नॅडीन, बघ ना गं एकदा. पडली असेल एखाद्या खोक्यात."

"अगं, तिच्यावर बास्केटबॉलची मॅच चढली. तेव्हा आम्ही कॅसेटी पुन्हा वापरायचो."

"मग ती मॅच तरी दे. खालून कुठे ऐकू येतो का बघते."

मॅचही हरवली, असे मी सांगितले.

कलम सहावे रद्द. मसुदा वाचून वकीलबाई डेल्फीन ओक्स म्हणाल्या, "म्हणजे ती चिडेल तेव्हा तुम्ही नसाल. सोय चांगली केलीत." दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅसेट घेऊन मार्व्हाकडे गेले आणि दारातच सांगितले की ती कधी पुसली गेलीच नव्हती. तिने गाडीची किल्ली उचलली. कॅसेट वाजवायची सोय तिच्या जुन्या गाडीतच होती, म्हणून आम्ही अंगणात गाडीत बसून ऐकली. शेवटच्या गाण्यावर सव्वीस वर्षांनी लहान अशी मी उत्साहाने पॅनकेकबद्दल बोलू लागले. मी समोरच्या टपालपेटीकडे बघत राहिले.

मार्व्हाने तो भाग तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा कान स्पीकरला लावून.

"शेवटचं कडवं गेलं माझ्यामुळे," मी म्हणाले.

"कुठलं कडवं?"

"मी बोलतेय त्याच्याखालचं."

"तिथे कडवं नाहीच आहे, बाई! त्याला ते सुचलंच नव्हतं. चार वर्षं तिथे नुसतं हूं हूं करायचा. मी म्हणायचे, पुरं कर की रे गधड्या. म्हणायचा, होईल." ती हसायला लागली. "तू मध्ये बोललीस म्हणून त्याचं झाकलं गेलं."

मीही हसले. ती चूक होती. तिने गाडी बंद केली.

"मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा कुठे होती ही?"

"पिठाच्या डब्यात."

"आणि मागच्या वर्षी?"

"तिथेच."

कॅसेट काढून खिशात घालून ती घरात निघून गेली. मी बराच वेळ तिच्या गाडीत बसून होते.

७. आता या कागदाने मार्व्हाला काहीच मिळत नसल्यामुळे ती साक्षीदार होऊ शकते, असे वकीलबाई म्हणतात. मी निरोप ठेवला. ती आज बसच्या गणवेशातच आली, कागद सुरुवातीपासून वाचला आणि सहीखाली दोन ओळी लिहिल्या तर चालेल का, असे वकीलबाईंना विचारले. जागा होती.

लिहून देणार: नॅडीन ओपल क्रॅबट्री (सही)
टॅल्मन फोर्ड, ओहायो. शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४.

साक्षीदार पहिली: डेल्फीन ओक्स, वकील (सही)

साक्षीदार दुसरी: मार्व्हा टॅकेट (सही)
ही बाई शुद्धीवर आहे याला मी साक्ष आहे.
तिला माफ केले, याला नाही.