आजीला सांगायचं नाही

दि. ४ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू 'आं?' आणि 'मोठ्यानं बोल' यापलीकडे काही बोलत नाहीस, म्हणून पत्रच लिहिते. बालवाडीत मला आज दोन महिने झाले. माझ्या वर्गात वीस मुलं, सगळी साडेतीन ते पाच वर्षांची, आणि मी एकटी ताई. मदतीला एक मावशी आहेत, पण त्यांचा निम्मा दिवस नाकं पुसण्यात जातो. परवा मोठ्या बाईंनी विचारलं की घसा का बसलाय. मी सांगितलं, सकाळपासून 'चप्पल पायात, डोक्यावर नाही' एवढं एकच वाक्य बोलतेय.

रोज सकाळी आम्ही सतरंजीवर गोल करून बसतो आणि ज्याला त्याला आपल्या घरचं सांगायचं असतं. आत्या, काय काय सांगतात! एकीचे बाबा घोरतात म्हणून आईनं त्यांना बाहेरच्या खोलीत काढलंय. एकाच्या काकांचे केस संध्याकाळी खुंटीवर टांगलेले असतात. आणि एक चमचेवीर आहे. खिशात सदा एक चमचा. कुठून आणतो देव जाणे. त्यानं काल उभं राहून जाहीर केलं की आईच्या पोटात बाळ आहे, पण आजीला सांगायचं नाही, नाहीतर ती शिलाई मशीन घेऊन राहायला येईल. मी तोंडात ओढणी कोंबून बसले.

रुजू होताना मोठ्या बाईंनी एका कागदावर सही घेतली होती, की मुलांच्या घरचं शाळेबाहेर बोलायचं नाही. पण मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, आणि तू काही बाहेरची नाहीस.

आतोबांना नमस्कार. गुडघ्याला जप. माझ्यावरचा लोभ आहे तसाच उकळता ठेव.

तुझी,
भिंगरी


दि. ११ ऑगस्ट

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. हसता हसता चहा गार झाला, तो तसाच प्यायले. नाव लिहिलं नाहीस, पण मी काय दूधखुळी आहे? चमचा म्हटल्याबरोबर ओळखलं. आमच्या वरच्या मजल्यावर त्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई राहतात ना, त्यांची लेक तुझ्याच गावात दिलेली आहे. तिचा पोरगा सुट्टीला येऊन गेला की यांचे चमचे गायब. गेल्या खेपेनंतर तर बाई महिनाभर चहात साखर काट्यानं घालत होत्या.

मी तशीच उठले, ओल्या हातानं जिना चढले आणि अभिनंदन केलं. बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. लेकीनं त्यांना कळवलेलंच नव्हतं! म्हणाल्या, तीस वर्षं लोकांच्या बातम्या घरपोच केल्या, आणि माझ्या घरची बातमी मला शेजारणीनं आणून द्यावी! मग डोळे पुसले आणि म्हणाल्या की पोटच्या लेकीपेक्षा तुमची भाची बरी. मला अगदी भरून आलं.

काल सकाळच्या गाडीनं त्या तिकडे निघाल्यासुद्धा. दोन ट्रंका, तीन उशा आणि शिलाई मशीन. मशीन आतोबांनी जिन्यावरून उतरवून दिलं, तेव्हापासून ते पाठ शेकत पडले आहेत. बाई तुला भेटून आभार मानणार आहेत, तेव्हा जरा बरे कपडे घालून जात जा.

केसवाल्या काकांचं पुढं काय ते सविस्तर लिही. असाच लोभ वाढव आणि पत्रं लांब लिही.

तुझी,
आत्या


दि. १४ ऑगस्ट

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं पत्र आज आलं. पोस्टमास्तरीणबाई त्याच्या आधीच आल्या.

मंगळवारी शाळा सुटताना फाटकात सगळे पालक उभे होते. बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या की पोरी, तू होतीस म्हणून मला कळलं. शेजारी त्यांची लेक उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मुलाचा हात धरला आणि निघून गेली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी आपणहून मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून तो कागद काढला आणि मला मोठ्यानं वाचायला लावला. सहाच ओळी आहेत. चौथी ओळ अशी, की घरच्यांनाही नाही आणि नाव न घेताही नाही. आत्या, तो कागद लिहिणाऱ्याला तू आधीपासून माहीत होतीस.

दुसऱ्या दिवशी त्या आईची माफी मागितली. बातमी का झाकून ठेवली होती, ते तिनं मला सांगितलं. ते मी लिहिणार नाही. कारण होतं, आणि ते ऐकल्यावर मला मान वर करता आली नाही, एवढंच. शेवटी तिनं जे विचारलं ते माझ्याबद्दलचं आहे म्हणून सांगते. ती म्हणाली की माझ्या मुलाच्या पोटात काही राहत नाही हे मला ठाऊक आहे, तो चार वर्षांचा आहे. तुम्ही चोवीसच्या ना?

मुलाला तिनं शेजारच्या वर्गात घातलंय. माझ्यावर तीन महिने मोठ्या बाईंची नजर राहणार, मग नोकरीचं ठरेल. माझं आधीचं पत्र जाळून टाक. यापुढं मुलांबद्दल एक अक्षर लिहिणार नाही.

रागावू नकोस. मी तुझ्यावर रागावलेय, पण त्याहून जास्त माझ्यावर.

भिंगरी


दि. २० ऑगस्ट

चि. भिंगरीस आशीर्वाद. (या वेळी 'अनेक' नाहीत.)

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. मी कुणाला म्हणून कुणाला सांगितलेलं नाही. फक्त पोस्टमास्तरीणबाईंना. औषधवाल्याला सांगितलं, पण ते आतोबांच्या पाठीसाठी शेकायची पिशवी मागताना ओघात आलं. इस्त्रीवालीला सांगितलं, पण ती तोंडाची घट्ट आहे. वाचनालयातल्या बाईंना मी सांगितलेलंच नाही, त्यांना औषधवाल्यानं सांगितलं.

आतोबा म्हणतात, भिंगरीची चूक एक आणि तुझ्या चार. मी म्हटलं, तुम्हाला मोजायला कुणी बसवलंय? तर म्हणाले, पाठ धरलीय, दुसरं करू काय?

तुला मी अंगाखांद्यावर खेळवलं, आणि आता मी परकी. सहा वर्षांची असताना शेजाऱ्यांच्या कुंडीत तू काय केलं होतंस, ते मी आजवर कुणाला बोलले नाही. वरचं घर बंद आहे. जाता-येता कुलपाकडे बघते आणि आपलंच काही हरवल्यासारखं वाटतं. ती पोर का लपवत होती? नको, सांगू नकोस. एकदा लपवावं लागलं म्हणजे आधी कधीतरी सांगून पस्तावली असेल, एवढं या वयात मलाही कळतं. ते कळायला आधी जिना चढावा लागला, हे वाईट झालं.

पत्र जाळलं नाही. बंबात घालायला गेले तर हात धजेना. ट्रंकेत कुलपात ठेवलंय. किल्ली आतोबांकडे दिली, म्हणजे आता ती कुणालाच सापडणार नाही.

नोकरी राहील ना गं? लोभ आहेच, फक्त आज जरा फुगून बसलाय.

आत्या


दि. १० सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कारण काय लिहावं तेच कळेना. शेवटी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलांचं लिहू नकोस, त्यांच्या घरचं लिहू नकोस, स्वतःची फजिती हवी तेवढी लिही. तर ही माझी फजिती.

मला वाटायचं, सगळ्यात अवघड काम म्हणजे वीस जणांना एका वेळी झोपवणं. तसं नाही. सगळ्यात अवघड म्हणजे फाटकात उभं राहणं. रोज कुणीतरी काहीतरी विचारतं. आमच्या पिल्लाला कोण चावलं, त्याचं नाव सांगा. अमुक घरात भांडणं आहेत, खरं का? तमकीच्या डब्यात रोज पावच का असतो? सगळ्यांना मी म्हणते की तुमच्या मुलाचं विचारा, तास तास सांगेन. चावणाऱ्याचं नाव मिळणार नाही म्हटल्यावर एक गृहस्थ म्हणाले की मग दातांचे ठसे घ्या.

आणि एक आजीबाई आहेत. तू ओळखशील, पण ओळखू नकोस. त्यांचा नातू माझ्या वर्गात नाही, तरी रोज मलाच गाठतात, कारण त्यांच्या मते बातम्यांचा नळ माझ्याच घरी आहे. लाडीगोडी लावून झाली, माझ्या बाहीचं निघालेलं बटण शिवून देऊन झालं. मी म्हणते, मधल्या सुट्टीत पाहिला, डबा संपवला, छान खेळला. त्या म्हणतात, अजून? मी म्हणते, घसरगुंडीवरून सात वेळा घसरला. हल्ली त्या मला लांबून दिसल्या की माझे ओठ आपोआप 'डबा संपवला' म्हणायला लागतात. परवा बसवाहकानं कुठं उतरायचं विचारलं, तर त्यालाही मी तेच सांगितलं.

हसू नकोस. हसलीस तरी चालेल. तुझ्या आशीर्वादातले 'अनेक' परत पाठव.

भिंगरी


दि. २५ सप्टेंबर

चि. भिंगरीस अनेक, अनेक आशीर्वाद. थकबाकीसकट.

पोस्टमास्तरीणबाईंचं चार पानी पत्र आलं. त्यांच्या घरचं जे काही त्यात आहे ते तिथंच राहू दे. तुझ्याबद्दलचं तेवढं उतरवून देते. लिहितात, तुमची भाची आता दगड झाली आहे. मुलगी आणि जावई माझ्याविषयी काय बोलतात ते पोरगा शाळेत सांगत असणारच, पण महिना झाला, या बाईच्या तोंडून डबा आणि घसरगुंडी यापुढं काही निघत नाही. पोस्टात असती तर हिला मी मनीऑर्डरच्या खिडकीवर बसवली असती. आणि पुढं लिहितात की हे गाऱ्हाणं मी जेवताना घरात सगळ्यांपुढं मांडलं, तर लेक हसायला लागली. हसण्यासारखं काय आहे त्यात, असं मला विचारतात.

मीही एक काम केलं. त्यांच्या लेकीला चार ओळींचं पत्र लिहिलं. लिहिलं की भाचीनं पेन उचललं ही तिची चूक, पण जिना मी चढले. क्षमा असावी. पाकीट आतोबांनी चिकटवलं, कारण मी ते तीनदा उघडून आणखी काहीबाही घातलं असतं. औषधवाल्याकडेही गेले. त्याला म्हटलं, मी तेव्हा बोलले ते बोलायचं नव्हतं. तो म्हणाला, ते मी विसरलो, पण आता विचारतो, काय होतं ते? कपाळ माझं.

लोभ पूर्ववत सुरू झाल्याचं समज.

आत्या


दि. १४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

या पत्रातलं सगळं मी विचारून लिहितेय, तेव्हा बिनधास्त वाच.

काल ती आई मोठ्या बाईंकडे आली आणि मुलाला परत माझ्या वर्गात घाला म्हणाली. बाईंनी कारण विचारलं. ती म्हणाली, माझ्या आईपुढं आजवर आमचे बाबा टिकले नाहीत, माझे सासरे टिकले नाहीत, घर विकणारा दलाल टिकला नाही. ही मुलगी दोन महिने टिकली. हिच्याकडे मुलगा ठेवायला हरकत नाही. मोठ्या बाईंनी माझी तीन महिन्यांची मुदत तिथल्या तिथं संपवली. मी स्वच्छतागृहात जाऊन नाक शिंकरून आले.

तुझं पत्र तिला मिळालं. तिनं ते मला दाखवलं नाही, पण तुला नमस्कार सांगितलाय. आणि बाळाची बातमी आता तिनं स्वतः सगळ्यांना सांगितली आहे. ती आणि पोटातलं बाळ, दोघंही ठीक आहेत.

आज सकाळी तिचा मुलगा सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसला. सगळ्यांचं झाल्यावर उभा राहिला आणि आजी राहायला आल्यापासून घरात काय काय चाललंय त्यातली एकच गोष्ट सांगितली. आत्या, मला पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. मावशी भिंतीला धरून उभ्या होत्या. अशी गोष्ट मी जन्मात ऐकलेली नाही. आतोबांची पाठ हसूनच मोकळी झाली असती.

ती मी तुला सांगणार नाही.

जीव तुटतोय, पण नाही. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. २० ऑक्टोबर

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. काय सांगितलं असेल पोरानं, याचे तीन तर्क मनात आले. तिन्ही गिळले. त्यातला एक अजून घशात आहे, पण उतरेल.

पोस्टमास्तरीणबाईंचंही गेल्या आठवड्यात आणखी एक पत्र आलंय, 'कुणाला बोलू नका' असं वर लिहून. सहा दिवस झाले. इस्त्रीवाली दोनदा येऊन गेली, मी कपडे मोजून दिले आणि दार लावलं. आतोबा दोन्ही वेळा दाराआडून बघत होते. म्हणतात, तुला ताप आहे का?

आता पोरांचं नाही, तर पत्रात लिहायचं काय, म्हणून मी तुझी सगळी पत्रं पुन्हा काढून बसले (किल्ली सापडली, चहाच्या डब्यात होती). वाचताना एक ध्यानात आलं आणि माझं मलाच वाईट वाटलं. काकांचे केस कुठं टांगतात ते मला ठाऊक आहे, पण माझी भाची दुपारी कुणाबरोबर जेवते ते ठाऊक नाही. तुझी खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, घसा बसल्यावर गरम पाणी कोण करून देतं, कुणी मैत्रीण मिळाली का, यातलं मी एकदाही विचारलं नाही. मला दुसऱ्यांच्या घरातलंच हवं होतं.

तर आता तुझं लिही. त्याला कुणाचा कागद आड येत नाही. लांब लिही, बारीकसारीक लिही, आणि माझ्याशिवाय कुणाला कळू नये असं काही असेल तर तेही लिही. जिना चढणार नाही.

वाट पाहते.

तुझी,
आत्या