इमामसाबची मापाची वही

शुक्रवार, १५ ऑक्टोबर १९४८

अखेर निंबोळगीत येऊन पडलो! संतपूरपर्यंत मोटारीनं, पुढं दोन कोस गुरप्पाच्या बैलगाडीनं. एक कात्री, एक टेप आणि सोलापूरच्या निर्वासितांच्या छावणीत मिळालेलं घोंगडं, एवढाच संसार घेऊन आलेला शिंपी मी. पण गावानं जावयासारखं उतरवून घेतलं. भगवानराव पाटील स्वतः चावडीवरून उठून आले. गावात महिनाभर शिंपी नाही, दिवाळी तोंडावर आली, मास्तर तुम्ही अगदी वेळेवर आलात, म्हणाले. जेवायला त्यांच्याच घरी. शेंगाची चटणी इतकी खाल्ली की हात धुवायला उठवेना.

दुकान पाहिलं आणि हरखलोच. जांभ्या दगडाच्या भिंती, रस्त्याकडं फळ्यांचं दार, मागं एक खिडकी. पायमशीन चकचकीत, कुपीत तेलसुद्धा भरलेलं. कोळशाची इस्त्री, खडू, टाचण्यांची डबी. खुंटीवर एक काळी बंडी होती. अंगात घालून पाहिली, तर माझ्याच मापाची! मग काढलीच नाही.

आधीचा शिंपी इमामसाब. हिंदुस्थानची फौज आल्यावर तो आणि त्याच्या आळीतली सगळी माणसं हैदराबादेला निघून गेली, असं पाटील म्हणाले. गेली तर गेली. माझ्या धाकट्या भावाला, केरबाला, रझाकारांनी श्रावणात उदगीरजवळ मारलं. मला कुणाच्या जाण्याचं सुतक नाही. खरं लिहायचं तर बरंच वाटलं.

मशीनच्या खणात त्याची मापाची वही सापडली. पुढची पानं उर्दूत भरलेली, मागची कोरी. कागद मिळतोय कुठं या दिवसांत? म्हणून ही रोजनिशी मागच्या बाजूनं लिहायला घेतली आहे. बायकोला, सुशीलेला, सातवा महिना आहे. भाऊबीजेच्या दिवशी तिचा भाऊ तिला संतपूरला आणून सोडणार. छावणीत नाही, स्वतःच्या घरात बाळंत होईल बिचारी. आणखी काय पाहिजे?

मंगळवार, १९ ऑक्टोबर

मान वर करायला सवड नाही. नवं कापड कंट्रोलमुळं आधीच दुर्मीळ, त्यात यंदा नाकेबंदी. म्हणून जो तो जुनं घेऊन येतो. शेरवानीचा कोट करा, पायजमा आखूड करा, कुडत्याची बाही काढा. कपडे मात्र एकेक असे की हात फिरवत बसावं. आळीतल्या लोकांनी जाताना मागं टाकलेले, लिलावात घेतले, असं सगळेच सांगतात.

दुसऱ्याच्या हाताला मी सहसा चांगलं म्हणत नाही, पण हा इमामसाब कारागीर होता. प्रत्येक शिलाईत दीड बोट जास्तीचं कापड सोडलेलं. त्याला आम्ही माया म्हणतो. पोरांच्या कपड्यात तर दोन बोटं, पुढं वाढवता यावं म्हणून. आणि गळपट्टीच्या आत हिरव्या दोऱ्यानं गिऱ्हाइकाच्या नावाचं पहिलं अक्षर, डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरच दिसेल असं बारीक.

पाटलांनी काळी शेरवानी आणली. आत उर्दूतला ख होता. मी वही उघडली आणि झटक्यात सांगितलं, ही खाजासाबची, छाती चाळीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता. पाटील हसले. "तुमाला उर्दू वाचता येतंय व्हय, मास्तर?" मी म्हटलं, निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलोय, आणि एकदा पाहिलेलं माप जन्मात विसरत नाही. सोलापूरच्या दुकानात लोक माझ्यावर पैजा लावायचे. पाटलांनी पाठ थोपटली. मीही फुगलो.

शुक्रवार, २२ ऑक्टोबर

एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

तेरा जणांचे कपडे आतापर्यंत हाताखालून गेले. एकावरही डाग नाही, फाटलेलं नाही, बटण तुटलेलं नाही. घाईनं पळालेल्यांचे कपडे असे कसे? मी मनाशी म्हटलं, पेटीतले असतील. पण पेटीतल्या कपड्याच्या बगलेत घामाची पांढरी रेघ नसते. आज एका कुडत्याच्या खिशात घराच्या किल्ल्या निघाल्या. दुसऱ्यात अर्धी विडी. पाटलांच्या सुनेनं महादेवीनं मुलीसाठी हिरवा गोटेदार झगा आणला होता, त्याच्या खिशात सहा फुटाणे.

अंगातले कपडे काढून, खिशात किल्ल्या ठेवून कोण गावाला जातं?

महादेवीला विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठावं, मामंजींनी दिलाय." झगा तिथंच टाकून उठली.

सोमवार, २५ ऑक्टोबर

तीन कोट परत आले. गळ्याला आवळतात म्हणून. पाटलांचाही. "गळा दाबायलाय, मास्तर, श्वास घेता यीना." मी टेप लावला. पाटलांचा गळा पंधरा, कोटाचा गळा सोळा. बोट घालून पाहिलं, बोट सहज फिरतं. तरी पाटलांचं तोंड लाल झालेलं. आणखी अर्धा इंच सोडला.

दुपारी समोरच्या चंद्रम्माकडं गेलो. म्हातारी एकटीच, चुरमुरे भाजून बाजारोबाजारी विकते. आठ दिवस माझ्या अंगावरच्या बंडीकडं ती बघत असते, तोंडाकडं कधीच नाही. मी सरळ विचारलं, अक्का, इमामसाब कुठं आहे? तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं.

गावाबाहेर जांभ्या दगडाची खाण आहे. फौजेची लॉरी तिथून बीदरला सुखरूप नेईल, असं सांगून आळीतल्या लोकांना सकाळी तिथं बोलावलं. लॉरी नव्हती. पाटील होते आणि गावातली पंधरा-वीस माणसं, कुऱ्हाडी घेऊन. एकानं कुऱ्हाड उचलली तेव्हा पाटलांनीच हात धरला. म्हणाले, "रगतानं खराब कामून करताव? कापड कुठं मिळायलंय?" मग सगळ्यांना कपडे उतरवायला लावले. बायकांनासुद्धा. घाबरून पोरांच्या बोटांना बटणं सुटेनात, कुणी झगा ओढायला लागलं, तेव्हा इमामसाब पुढं झाला. ओढू नका, गोटा उसवेल, म्हणाला. दोन्ही पोरांची बटणं त्यानं स्वतः सोडली. तेरा जणांचे कपडे घड्या घालून ओळीनं ठेवले. शेवटी स्वतःचे. बंडी तेवढी तो दुकानातच विसरून आला होता.

"मी चुरमुऱ्याचं पोतं घिऊन वाटेनं जायलते," चंद्रम्मा म्हणाली. "पळाले न्हाई. बगत हुबारले. त्येचं पाप माज्यावर हाय."

 आधी केरबा आठवला. मग आठवलं, तो हिरवा झगा मीच बाही दाबून पाटलांच्या घरी पोचवला. आणि मग आठवलं, पाटलांना मी काय सांगितलंय ते.

बंडी काढून खुंटीला लावली.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

सकाळी दवंडी झाली. दिवाळीनंतर बीदरहून साहेब येणार. कोण गेलं, कुठं गेलं, याची चौकशी.

दुपारी पाटील आले. बसले, पान खाल्लं. वही मागितली. स्वतःला येत नाही म्हणून मलाच नावं वाचायला लावली. मी वाचली. घुडूसाब. मस्तानसाब. चांदबी. प्रत्येक नावाला त्यांनी मान हलवली, हजेरी घेतल्यासारखी. मग म्हणाले, "जाळा."

इमामसाबची उर्दू पानं मी टराटरा फाडली आणि इस्त्रीतल्या कोळशावर टाकली. हो, मीच. हात जराही अडला नाही. सुशीला डोळ्यांपुढं होती. माझी पानं मागच्या बाजूला आहेत, हिशेबाची म्हणून सांगितलं, ती बचावली.

राख झाल्यावर पाटील उठले. दारात थांबून हसत म्हणाले, "पण मास्तर, तुमी तर इसरत न्हाई न्हवं?"

शनिवार, ३० ऑक्टोबर

पहाट फुटताच निघालो. वेशीवर तिघं बसलेले, तिघांच्या अंगात मी शिवलेले कोट. कपडे राहिलेत ना मास्तर, म्हणाले. काखेत हात घालून, अगदी प्रेमानं, परत आणलं. कात्रीसुद्धा उचलून दिली.

सुशीलेला चिठ्ठी लिहिली, येऊ नकोस. गुरप्पाकडं दिली. त्यानं ती घडी न मोडता परत माझ्या हातात ठेवली. "वैनीला आणायला पाटलांनी मलाच सांगितलंय. बुधवारी." माझ्याकडं बघवत नव्हतं त्याला. त्याच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी ओरखडे होते. आतला सदरा आवळतो म्हणाला. सदरा मस्तानसाबचा.

सोमवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. सगळं गाव चावडीपुढं. मलाही नेऊन बसवलं.

मी माणसं पाहिली नाहीत, कपडेच पाहिले. चाळीस छातीचा, डावा खांदा उतरता. छत्तीस, बाही बावीस. ओळीनं उभे. तेरा. मोजले.

सगळ्यांचे हात गळ्याशी. पहिलं बटण सोडत होते आणि परत बघावं तर लागलेलं. माझे डोळे फिरले असतील. पण महादेवीची मुलगी तो हिरवा झगा घालून रडत होती, काढा म्हणत होती, आणि महादेवी दातांनी काज तोडत होती — पोरीचं तोंड निळं —

पाटील मला म्हणाले, "हे तुज्याच हातचं हाय." आज पहिल्यांदाच अरेतुरे.

मंगळवार, २ नोव्हेंबर

दाराला बाहेरून कडी.

शेवटचा कोट उसवला. शिलाईत माया उरली नाही. सोडायला आता काही नाही.

मागच्या खिडकीशी चंद्रम्मा आली. उद्या संतपूरचा बाजार. चुरमुऱ्याचं पोतं घेऊन ती गुरप्पाच्या आधी पोचेल. सुशीलेला मोटारीतून उतरूच देणार नाही, तशीच परत धाडील. वही पोत्यात घालून नेते म्हणाली, साहेबाला देते. यावेळी पळणार नाही, म्हणाली.

पण वहीत काय आहे? मीच तर —

बुधवार, ३ नोव्हेंबर. सकाळ

लिहितो. भराभर. म्हातारी खिडकीखाली उभी आहे.

खाजासाब. छाती चाळीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता. शेरवानी. पाटलाच्या अंगावर.

मस्तानसाब. छाती छत्तीस, गळा साडेचौदा. सदरा. गुरप्पा.

घुडूसाब. अडतीस. कोट. वेशीवर बसतो तो गुरुशांतप्पा.

चांदबी. कुडती, बाही सतरा. श्रीपतरावाची बायको.

बाकीची नऊ मागच्या पानावर लिहिली आहेत. पोरांची आधी लिहिली. झगा, लांबी बावीस, तिचं नाव शहजादी. सगळी आठवली. एकही विसरलो नाही.

कडी निघाली. दारात आहेत. ओरडत नाहीत, काही नाही. उन्हात सगळे कसे स्वच्छ दिसताहेत. पाटील बाहेरून म्हणाले, "मास्तर, ती बंडी चांगली हाय. तेवढी काढून ठिवा."

मला वाटलं काढूनच ठेवली होती. खुंटी रिकामी. अंगातच आहे. कधी घातली —

बटणं सोडतोय. ओढली तर उसवेल. एका हातानं लिहितोय.

इमामसाब. छाती चौतीस, खांदा सोळा, गळा चौदा, लांबी चोवीस.

चौदा झाले.

अंबाजी शिंपी, मूळचा उदगीरकडचा. तेच माप. छाती चौतीस, खांदा सोळा, गळा चौदा, लां