कच्च्या रस्त्यावरची माझी जागा

उइटहॉर्न, नेदरलँड्स,
१४ नोव्हेंबर २०२१

प्रिय इरावती,

तुझा फोन येऊन पाच दिवस झाले. "अमेरिकेनं दारं उघडली, आता कसलं कारण सांगतेस? तिकीट काढ," म्हणालीस. मी बघते म्हटलं, पण काढलं नाही. का, ते फोनवर सांगायला जमलं नसतं, म्हणून कागद घेऊन बसलेय. ऋषभ शिवांगीला पोहायला घेऊन गेलाय, तासभर घर माझं आहे.

तुझा मला हेवा वाटत होता, हे तुला कळलं असेलच. साधा नाही, जीव जळेल असा. टेक्ससमधल्या त्या वाळवंटी नॅशनल पार्कचा नकाशा मीच शोधला होता, पुण्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी. जिऑलॉजीच्या लॅबमध्ये तो पसरून, डांबरी रस्ते सोडून, नुसत्या कच्च्या रस्त्यांवर मी लाल पेन्सिल फिरवली. नदीकाठचा सगळ्यात लांबचा रस्ता दोघींनी करायचा ठरलं. तू गाडी चालवणार, मी शेजारी नकाशा घेऊन. तू तिकडे गेलीस तेव्हा तो जपून ठेव म्हणून तुझ्याच बॅगेत घातला. वीस साली मार्चमध्ये माझं तिकीट हातात होतं आणि विमानं बंद झाली.

मग वर्षभर मी इथेच. इथे जंगलातसुद्धा सायकलींसाठी गुळगुळीत पट्टी घातलेली असते. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला माझं ऑफिस, दुसऱ्या टोकाला शिवांगीची शाळा. मी मराठीत ओरडायची, ती डचमध्ये उत्तर द्यायची. दिवसाला एकच पाहुणा, नऊनंतर संचारबंदी. आणि तुझे फोटो येत: टायरमधली हवा कमी करताना, कोरड्या ओढ्यातून गाडी काढताना. शेजारच्या सीटवर तुझ्या ऑफिसातली सुनेत्रा, जिला बेसॉल्ट आणि चुनखडीतला फरक कळत नाही, ती माझा नकाशा मांडीवर घेऊन बसलेली. मी "मस्त गं!" लिहायची आणि फोटो मोठा करून ती कंटाळलेली दिसते का ते बघायची.

यंदा मार्चमध्ये काय झालं ते तूच मला हॉस्पिटलमधून सांगितलंस. नदीकाठच्या रस्त्यावर दोन टायर फाटले, स्टेपनी एकच, फोनला रेंज नाही. शनिवारभर तुम्ही वाट बघितलीत. रविवारी पाणी संपत आलं तेव्हा सुनेत्रा मदत आणायला चालत निघाली, घळीत घसरली आणि घोटा मोडला. दुपारी एका म्हाताऱ्या जोडप्याचा ट्रक आला म्हणून वाचलात. मग तू विचारलंस, "माझा मेसेज तू पाहिलाच नसशील ना गं?" मी म्हटलं, "नाही गं, फोन बिघडला होता." तू उलट माझीच समजूत काढत बसलीस.

इरा, मी तो पाहिला होता. शुक्रवारी, आल्याआल्या. 'उद्या दुपारी बारापर्यंत माझा निरोप आला नाही तर रेंजर ऑफिसला कळव,' आणि खाली नंबर. मेसेज न उघडता स्क्रीनवरच वाचला आणि फोन पालथा ठेवला. तुमचे बारा म्हणजे आमचे संध्याकाळचे सात. सात वाजले, आठ वाजले. मी विसरले नव्हते. भांडी घासताना मनात येत होतं, मजा यांनी करायची आणि राखण मी का करायची? रविवारीही फोन केला नाही, आम्स्टेलच्या काठाने चालून आले. शनिवारी एक फोन केला असता तर सुनेत्राला चालत निघायची वेळच आली नसती. परवाच्या त्याच फोनवर तू सहज म्हणालीस की ती अजून लंगडते, आणि तरी म्हणते, अश्लेषा येणार असेल तर तिची सीट तिला द्यायची. ते ऐकल्यापासून मला जेवण जात नाही. मला यायचंय, फार यायचंय. पण हे वाचूनही तू ये म्हणालीस तरच. सुनेत्राला तू काही सांगू नकोस. तिचा पत्ता पाठव, तिला मीच लिहीन.

तुझीच,
अश्लेषा