गंधार जरा खाली

बाई, आज गुरुवार. कंपनीला सुट्टी, बायको भाजीला गेलीय आणि मी कुरुळीच्या खोलीत तुमचं छत्तीस तारांचं स्वरमंडळ मांडीवर घेऊन बसलोय. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. हे पत्र कुठं पोचणार नाही, एवढी अक्कल मलाही आहे. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय आणि ती दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

तुमच्याकडं मी पहिल्यांदा आलो तो काही शिकायला नाही, पाना-पक्कड घेऊन आलो. कासारवाडी स्टेशनच्या मागं तुमच्या दोन खोल्या. शाळेतनं रिटायर झालेल्या गाण्याच्या बाई तुम्ही आणि तुमच्या वाद्याच्या चार खुंट्या गंजून बसलेल्या. खालच्या मजल्यावर राहणारा माझा मेव्हणा तुम्हाला म्हणाला, आमचे दाजी फिटर आहेत, पाठवतो. मी खुंट्या सोडवल्या, तेल दिलं. तुम्ही तारा लावल्यात आणि वरपासून खालपर्यंत एकदाच बोट फिरवलंत. मी हत्यारं पिशवीत भरत होतो, ती हातातच राहिली. चाळिशीला टेकलेला, दोन पोरांचा बाप मी, आणि तोंडातनं निघून गेलं, मला येईल का हे? तुम्ही हसला नाहीत. का येणार नाही, असं विचारलंत. मी म्हणालो, बारा वर्षं प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या मशीनवर काम करतोय, कान गेलेत माझे. तेव्हा तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "मशीन बिघडणार, हे तुम्हाला आधी कशावरनं कळतं?" आवाजावरनं, मी म्हणालो. "मग कुठं गेलेत कान? आहेत की जागेवर. गुरुवारी या, फिटरसाहेब."

पहिले चार गुरुवार तुम्ही मला एकच तार दिलीत. तुम्ही सा लावायचा आणि मी चावीनं तार त्या सा-ला मिळवायची, बस्स. मधेच लोणावळ्याची गाडी जायची, भिंती हलायच्या, तुम्ही डोळे मिटून थांबायचात आणि गाडी गेली की पुन्हा सा. मला घाई. आवळायची सवय लागलेला हात माझा, तीन तारा फटाफट तोडल्या. तुम्ही रागावला नाहीत, नवी तार कशी ओवायची ते शिकवलंत आणि पुढच्या तोडलेल्या मला बदलायला लावल्यात. तार छेडली की लगेच दुसरीकडं धावू नका म्हणायचात, तिचा आवाज विरेपर्यंत ऐका, खरं काय ते ती शेवटी सांगते. महाळुंग्याला कंपनीत लाइनवरची पोरं मला चिडवायची, काय राव, आता बुवा होणार का? मी म्हणायचो, होतो की, तुझ्या बापाचं काय जातंय. पण चार महिन्यांनी प्रेसच्या डायचा, म्हणजे साच्याचा आवाज बदललेला सगळ्यांत आधी मला ऐकू आला, तेव्हापासून तीच पोरं शंका आली की मला बोलवायला लागली.

आणि मग तो पिवळ्या रेघांचा प्रताप. आठवला की अजून कानशिलं तापतात. आमच्याकडं नट हवा तेवढा आवळला की त्यावर पेंट मार्करनं रेघ ओढतात, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पार्टवर. रेघ जुळलेली दिसतेय तोवर नट हललेला नाही, पुन्हा तपासायला नको. तुम्ही एकदा भूप रागाचे स्वर लावून वाद्य आठवडाभरासाठी माझ्याकडं दिलंत, आणि मी घरी बसून छत्तीसच्या छत्तीस खुंट्यांवर पिवळ्या रेघा ओढल्या. आता कशाला रोजची कटकट, रेघेला रेघ जुळवली की भूप तयार! पुढच्या गुरुवारी मी छाती काढून आलो. तुम्ही रेघा पाहिल्यात, मी समजावून सांगितलं, आणि तुम्ही इतक्या हसलात की ठसका लागला. पाणी प्यायलात. मग चावी घेतलीत आणि एकेक करून सगळ्या तारा सैल केल्यात. छत्तीस. मला रडू यायचंच बाकी होतं. "लाकूड रोज बदलतं, तार रोज बदलते, माझा गळासुद्धा रोज बदलतो," तुम्ही म्हणालात. "कालचं लागलेलं आज कसं चालेल? डोळे मिटा आणि लावा."

तीन तास लागले. मधे तुम्ही थालीपीठ केलंत, चहा दिलात, माझ्या बोटाला फोड आलेला बघून चावीच्या मुठीला जुन्या साडीचा काठ गुंडाळून दिलात. पण चावीला तुमचा हात म्हणून लागला नाही. मी अडलो की तो स्वर तुम्ही नुसता गाऊन दाखवायचात आणि परत गप्प. माझ्यासाठी इतका वेळ आजवर कुणी घालवला नव्हता, बाई. घरच्यांनीही नाही, आणि त्यांना फुरसत तरी कुठं होती. शेवटी तुम्ही गायला बसलात आणि मी तारांवरनं बोटं फिरवली, तेव्हा मला वाटलं, आता मेलो तरी चालेल. रेघा मात्र तुम्ही मलाच थिनरनं पुसायला लावल्यात.

आता राहिलेली गोष्ट. तुम्ही अंथरुणाला खिळलात त्या महिन्यात कंपनीत कानांची तपासणी झाली आणि उजवा कान कमी झाल्याचा कागद माझ्या हातात पडला. तुम्हाला मी सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, भूप लावून आणा आणि जवळ बसा. मी वाद्य घेऊन गॅलरीत गेलो. कागद खरा निघाला तर? तुमच्यासमोर चुकलो तर? मी फोन काढला, स्वर दाखवणारं ॲप उघडलं आणि दिवा हिरवा होईपर्यंत एकेक तार लावत गेलो. कानानं एकही ऐकली नाही. आत येऊन वाजवलं. तुम्ही आवाज विरेपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "आज फारच बरोबर लागलंय." मग चावी मागितलीत आणि थरथरत्या हातानं मधला गंधार केसभर उतरवलात. मला वाटलं, आजारपणात तुमचा कान चुकला. लाज वाटते सांगायला, मला तुमची कीव आली. पंधरा दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमच्या लेकीनं हे वाद्य माझ्याकडं दिलं. मी भित्रा, बरीच वर्षं फोनवरच लावत राहिलो. पण तो गंधार टोचायचा. फोन म्हणायचा बरोबर, कान म्हणायचा वर आहे. एकदा डोळे मिटून तुमचा गंधार आठवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. फोनचा गंधार पेटीचा, ठरावीक मापानं कापलेला असतो, गळ्यातला त्याहून जरा खाली. तुम्हाला त्या दिवशी पहिल्या झटक्यात कळलं होतं की हे माझ्या कानानं लावलेलं नाही. तुम्ही मला पकडलंत आणि शब्दानं दुखवलं नाहीत. जाता जाता एक खुंटी फिरवून शिकवून गेलात, आणि मला ते समजायला इतकी वर्षं लागली.

आज सकाळी फोन कपाटात ठेवला. डावा कान लाकडाला टेकवून, तुमच्या साडीच्या काठाची चावी धरून दोन तास बसलो आणि भूप लावला. आणि बाई, खरं सांगतो, लावून झाल्यावर फोन काढलाच. राहवलं नाही. गंधाराला त्यानं लाल दिवा दाखवला, खाली आहे म्हणाला. चावी माझ्या हातातच होती. मी गंधाराला हात लावला नाही.