सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडे

सोमवार, ५ मार्च २००१

कॉम्प्युटर सेंटरची नोटीस आली. विद्यापीठात प्रत्येकाची पाच खाती: ईमेल, लायब्ररी, पगार, मार्क आणि तळघरातलं 'हेरिंग' नावाचं म्हातारं मशीन. पाचांना पाच पासवर्ड. आता एका पानावर जाऊन जुना पासवर्ड टाकायचा, नवा दोनदा टाकायचा, की सगळीकडे तोच चालणार. ३० एप्रिलपर्यंत जे जोडणार नाहीत त्यांची खाती बंद. हेरिंगवर असेल ते पुसून टाकणार.

खाली ठळक अक्षरांत: पासवर्ड कुणालाही सांगू नये. हे इंग्रजी विभागाला अर्थातच लागू नाही. आमच्याकडे सगळे प्रोफेसर आपापले पासवर्ड मलाच, म्हणजे विभागाच्या सेक्रेटरीला, सांगतात. न सांगून जातात कुठे? विसरले की माझ्याच टेबलाशी येऊन उभे राहतात, स्वेटर हरवलेल्या शाळेतल्या मुलांसारखे.

नऊ प्रोफेसरांचं काम. एक सकाळ पुरे.

लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, या वर्षी चॉकलेट सोडलं आहे. अजून तरी काहीच त्रास नाही.

गुरुवार, ८ मार्च

टेकडीवरच्या वृद्धाश्रमात प्रोफेसर मॅकास्किलना भेटून आले. ओटकेक नेले होते. वय चौऱ्याऐंशी, नोव्हेंबरात खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून तिथेच. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी दर गुरुवारी दुपारी ते ऑफिसात येत, बोलत, आणि मी हेरिंगवर टाइप करत असे. आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या बोलीचा शब्दकोश. सोळा वर्षांत 'ए'पासून 'एम'पर्यंत आलो. छापून ठेवू या, असं मी एकदा सुचवलं होतं. अपुरं काम छापू नये, असं त्यांचं मत पडलं.

म्हणजे तो शब्दकोश हेरिंगवर आहे आणि जगात दुसरीकडे कुठेही नाही. खातं जोडलं नाही, तर सोळा वर्षं पुसली जाणार.

त्यांना यातलं काही सांगितलं नाही. उगाच काळजी करतील. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नाही. एकदा माउस उलटा धरून बसले होते. त्यांचा पासवर्ड मला ठाऊक आहे: फर्गस, त्यांचा जुना कुत्रा. काम गुपचूप करून टाकायचं. बरे होऊन परत आले की 'एन'पासून सुरू.

मी भावनाप्रधान बाई नाही. ऑफिसचं काम म्हणून लिहून ठेवते आहे.

सोमवार, १२ मार्च

नऊही प्रोफेसर जोडून झाले. नोटिशीतली कल्पना मूळची बरी होती, मी ती आणखी सुधारली. प्रत्येकाला पाच खात्यांसाठी एक पासवर्ड, मग नऊ जणांना नऊ कशाला? सगळ्यांना एकच दिला. शाळेतल्या सिस्टर यूफेमिया म्हणायच्या, नीटनेटकेपणा हीसुद्धा प्रार्थनाच आहे. कॉम्प्युटर सेंटरला हे सुचलं नाही याचं नवल नाही. तिथे सगळी तरुण मंडळी.

राहिले मॅकास्किल. फर्गस टाकलं. घेत नाही. पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा टाकल्यावर मशीन म्हणालं, खातं कुलूपबंद.

बोटाची चूक असणार.

मंगळवार, १३ मार्च

सकाळी आल्या आल्या पाहिलं तर खातं पुन्हा उघडं. काल घरी जाताना सेंट अँथनीपुढे मेणबत्ती लावली होती. हरवलेल्या वस्तूंचं खातं त्यांच्याकडे असतं. पासवर्ड हीसुद्धा वस्तूच.

आधी लहान अक्षरांत फर्गस. मग मोठ्या अक्षरांत. मग बायकोचं नाव, ईडिथ. कुलूप.

गुरुवार, १५ मार्च

टेकडीवर. आडून आडून विचारलं, तुमच्या होडीचं नाव काय होतं हो? लहानपणी आणखी कुत्रे होते का? म्हणाले, मिसेस गिलिस, तुम्ही माझा मृत्युलेख लिहायला घेतलात का? हसले. पण दमलेले वाटले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, कुणीतरी सारखं छळतंय, सकाळी बसावं तर बसू देत नाही. शेजारच्या खोलीतले कॅप्टन असणार. तोंडावरूनच कटकटे वाटतात.

होडीचं नाव मिळालं: मार्गरी.

शुक्रवार, १६ मार्च

मार्गरी नाही.

बुधवार, २१ मार्च

घोटाळा. अर्थात माझा नाही. डॉ. प्रुएट सकाळी आपला ईमेल उघडायला गेले आणि चुकून डॉ. थॉर्नडाइकचं नाव टाकलं. पासवर्ड तोच, त्यामुळे उघडलं. आत प्रुएट यांच्या नव्या पुस्तकाबद्दल थॉर्नडाइकनी एका मित्राला लिहिलेलं पत्र होतं. ते एकदा वाचून बंद करणं शक्य होतं. प्रुएटनी ते कॉफीच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं.

'पावट्याच्या डब्यावरचं लेबल याहून चांगलं लिहिलेलं असतं' हे वाक्य आता तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलं आहे.

विभागप्रमुख डॉ. हॅलोरननी दार लावून घेतलं. म्हणाल्या, युनिस, सगळ्यांना एकच पासवर्ड द्यायचं तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणी सांगावं लागलं नाही. यावर त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. कौतुक करायची सवय नसते काही जणांना.

गुरुवार, २९ मार्च

नऊही जणांनी आपापले पासवर्ड बदलले. सेंटरच्या डार्सी नावाच्या मुलीने येऊन समोर बसवून बदलायला लावले. मला कुणीही नवा सांगितला नाही. डॉ. थॉर्नडाइक तर टाइप करताना कीबोर्डवर हात आडवा धरून बसले होते, परीक्षेत पुढच्या बाकावरची मुलगी उत्तरपत्रिका झाकते तसे. जाऊ दे. आठवड्याभरात येतील विसरून.

डार्सीला मॅकास्किलांबद्दल विचारणार होते. पण ती आपल्या मनाने गोंधळ घालून ठेवणारी दिसते. आपलं आपण केलेलं बरं.

सकाळच्या प्रयत्नात: आईचं नाव, गावाचं नाव, गावाचं नाव उलटं. कुलूप. उद्या सेंट अँथनी उघडतीलच. एक दिवस चुकत नाहीत.

सोमवार, ९ एप्रिल

कुणीही विसरून आलेलं नाही.

शुक्रवार, १३ एप्रिल, गुड फ्रायडे

उपास. ऑफिसला सुट्टी, तरी किल्ली माझ्याकडे असल्याने जाऊन आले. टेकडीवरचं चर्च, तिथली घंटा, त्यांचे आवडते ओटकेक, सगळं टाकून पाहिलं. बाहेर अजून चिखल झालेलं बर्फ. बंद मशीनसमोर बसून एकदम आठवलं: 'एम'मध्ये एक शब्द होता, समुद्रावरून धुकं येतं पण किनाऱ्याला लागत नाही, तसं धुकं. शब्द आठवत नाही. माझ्याच बोटांनी टाइप केला आहे.

घरी आल्यावर एक चॉकलेट खाल्लं. औषध म्हणून.

बुधवार, २५ एप्रिल

पाच दिवस उरले. उद्या त्यांना खरं सांगायचं. शांतपणे, गोड बोलून. ते खचतील. रुमाल जवळ ठेवायचा.

गुरुवार, २६ एप्रिल

ते खोलीत नव्हते. नर्स म्हणाली, असतील तिथेच, जागा सोडतात कुठे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात वृद्धाश्रमाच्या कॉम्प्युटरसमोर, मांडीवर शाल घेऊन बसले होते. दोन बोटांनी टाइप करत होते. पडद्यावर हेरिंग.

मी म्हटलं, सर, हे काय?

म्हणाले, 'आर' चालू आहे.

नोटीस त्यांना टपालाने आली होती. ९ मार्चला नर्सला शेजारी बसवून स्वतः खातं जोडलं, पासवर्ड बदलला. पंधरा मिनिटांत झालं म्हणे. मला मुद्दाम सांगितलं नाही, पुस्तक पुरं करून एकदम हातात द्यायचं होतं.

म्हणजे फर्गस बरोबरच होतं. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. याची नोंद व्हावी.

मग म्हणाले, "फक्त एक त्रास आहे. कुणीतरी रोज सकाळी माझ्या खात्यात घुसायला बघतं. खातं बंद पडतं आणि मग मला डार्सीला फोन करून ते उघडून घ्यावं लागतं. फार गोड मुलगी आहे. तिने शोधून काढलं, हे सगळं इंग्रजी विभागाच्या ऑफिसातून होतंय."

मी ओटकेकचा डबा उघडायला घेतला. झाकण घट्ट होतं.

"मी तिला सांगितलं, तिथे आमच्या मिसेस गिलिस बसतात. त्यांच्या नाकासमोर असं कुणी करेल, हे शक्य नाही."

मी म्हटलं, अगदीच शक्य नाही. उद्यापासून होणारही नाही, मी जातीने बघते.

"वाटलंच मला," ते म्हणाले.

मग मी म्हटलं, नवा पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवलाय ना? किंवा कुणा विश्वासू माणसाला सांगून ठेवावा. न जाणो, विसरलात तर.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मिसेस गिलिस, नोटिशीत लिहिलंय, कुणालाही सांगू नये."

सोमवार, ३० एप्रिल

मुदत संपली. संध्याकाळी पाच वाजता माझा कॉम्प्युटर म्हणाला, या नावाचं कुणीही इथे नाही.

नऊ जणांचं करताना आणि दहाव्याच्या मागे लागताना एक राहून गेलं. डार्सी फोनवर फार नम्रपणे बोलली. नवं खातं उघडायला आठवडा लागेल. तोवर दुसऱ्या कुणाच्या खात्यातून काम करू का, म्हणून विचारलं. तिने हसू दाबलं असं वाटलं. लाइन खराब असेल.

गुरुवार, ३ मे

ऑफिसात काम नाही, म्हणून लवकर टेकडीवर गेले. त्यांची नजर अधू होत चालली आहे, मला बघून त्यांना हायसं वाटलं हे उघड आहे. आता त्यांच्या टिपणांतून मी वाचते आणि ते टाइप करतात. एका ओळीत चार चुका. धुक्याचा तो शब्द मी विचारला, त्यांनी मागे जाऊन दाखवला. स्पेलिंग मीच चुकवलं होतं. त्यांनी सुधारलं आहे.

चहाच्या वेळी मशीन आपोआप बंद होतं आणि मग पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. ते फार सभ्य गृहस्थ आहेत, तोंडाने काही म्हणत नाहीत. कीबोर्डवर बोटं ठेवून नुसते थांबतात.

मी खिडकीकडे बघते. समोर समुद्र आहे. मला तो बघायचाच असतो.